धोरणाशी 'बांधिलकी' कसली, ती रदबदली!

प्रश्न असा आलाय: अल्स्टॉम या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीबद्दलच्या मजकुराचं मराठी करताना 'क्लायमेट पॉलिसी एंगेजमेंट' असं आलं, तर त्याला 'हवामान धोरणाशी बांधिलकी' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. ही बांधिलकी हल्ली कुठेही चिकटवतात, सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, पत्रकात तर दर तिसऱ्या ओळीला. बांधिलकी म्हणजे मी बांधलेला. इथे उलट आहे, कंपनी धोरणाला बांधलेली नाही, धोरण आपल्या बाजूला कसं वळेल ते बघतेय, त्यासाठी युरोपियन युनियनचा कारभार चालतो त्या ब्रुसेल्सला माणसं ठेवतेय, युनिफे नावाची युरोपातल्या रेल्वे उद्योगाची संघटना आहे तिच्यातून बोलतेय, आणि तुम्ही तिलाच बांधून टाकलंत! 'सहभाग' त्यातल्या त्यात बरा, पण सहभाग वृक्षारोपणातही असतो.

पण खरी गंमत एंगेजमेंटमध्ये नाहीच, ती 'धोरण' या शब्दात आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, वाहनाचे पर्याय दिलेत ते वाचा: यान, युग्य, पत्र... आणि धोरण! म्हणजे संस्कृतात धोरण म्हणजे चक्क गाडी. घोड्याच्या दुडक्या चालीलाही धोरण म्हणतात, तिथेच अमरकोशात घोड्याच्या पाच चाली सांगितल्यात त्यात 'धौरितक' येतं, ते याच कुळातलं. माझं म्हणणं असं की चाल या अर्थावरून 'चालण्याची रीत', त्यावरून 'बोलण्या-वागण्याचा रोख' आणि मग 'पुढचं बघून आखलेली दिशा' असा हा शब्द मराठीत आला. "त्यांच्या धोरणाने घ्या जरा" असं आपण म्हणतो तेव्हा कुठलं सरकारी परिपत्रक नसतं डोळ्यासमोर, त्या माणसाची चाल ओळखून वागा एवढंच असतं. सरकारी पॉलिसीचा अर्थ त्याच्यावर नंतर चढला. काही मंडळी धोरणाला 'धुरे'ला जुंपतात, धुरा वाहणारा तो धुरीण आणि त्याचं ते धोरण, ऐकायला छान आहे पण मग घोड्याच्या चालीचं काय करायचं ते त्यांनी सांगावं, नुसता 'ध' आणि 'र' जुळला की व्युत्पत्ती झाली असं नसतं. आणि 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप'चं 'धोरणात्मक भागीदारी' करणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

तर गाड्या बनवणारी कंपनी धोरणात पडली याचं शब्दाच्या बाजूने नवल काहीच नाही, धोरण हा तिचा धंदाच आहे. (बिहारात मधेपुऱ्याला 12,000 अश्वशक्तीची मालगाडीची इंजिनं बनतात ती यांचीच. कंपनीचं नावही मजेशीर, 1928 साली अल्सासची एक कंपनी आणि थॉमसनची एक, दोन्हींचे तुकडे जोडून अल्स-थॉम, त्याच्या रोमन स्पेलिंगमधला 'एच' 1998 साली गाळला.)

आता ही मंडळी मागतात काय, ते कळल्याशिवाय शब्द ठरणार नाही. युरोपात 2005 पासून वीजकेंद्रांना धुरातून सोडलेल्या कार्बनसाठी पैसे मोजावे लागतात, विजेवर धावणारी रेल्वे ती किंमत वीजबिलातून भरते, डिझेलच्या ट्रकला मात्र तशी किंमत लावायचा कायदा 2023 मध्ये झाला, विमानाच्या इंधनाला तर करमाफी. म्हणून रेल्वेवाल्यांची जुनी तक्रार आहे की सगळ्यांना एकच माप लावा. यात हवामानाचं भलं आहेच, पण गाड्याही खपतात. आणि हीच कंपनी 2015 पर्यंत कोळशाच्या वीजकेंद्रांची यंत्रंसुद्धा बनवत होती, मग तो धंदा जनरल इलेक्ट्रिकला विकला. त्या काळात वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंटेनियर वीजकेंद्रात धुरातला कार्बन पकडून जमिनीखाली पुरायचं तंत्र यांनी लावून बघितलं, आणि अमेरिकेत धोरणाचाच पत्ता नाही म्हणून केंद्राच्या मालकांनी 2011 साली पुढचं काम थांबवलं. म्हणजे धंदा बदलतो तशी मागणी बदलते. ही बांधिलकी म्हणायची?

याला मराठीत बरोबर शब्द आहे, रदबदली. कोणासाठी तरी वरच्याकडे जाऊन शब्द टाकणं. 'रद्द' आणि 'बदल' या दोन अरबी शब्दांचा जोड, फारसीतून आलेला, मुळात देवघेव, उलटसुलट बोलणं. हिंदी-उर्दूत रद्दोबदल म्हणजे फेरफार झाला, आपल्याकडे मध्यस्थी झाली, आणि कंपन्या करतात ते नेमकं दोन्ही, मध्यस्थी करून मसुद्यात फेरफार! 'लॉबिंग' शब्दावर मी भांडत नाही, तो रुळलाय. पण रदबदलीला वशिल्याचा वास येतो म्हणून ती नको म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, लॉबिंगला काय अत्तराचा येतो? वशिला आपल्या माणसाला मागच्या दाराने आत घेतो, रदबदली उघड चालते. युरोपियन युनियनची लॉबिंग करणाऱ्यांसाठी पारदर्शकता नोंदवही आहे, तिच्यात नाव आणि खर्च लिहून करतात ते हेच.

तुमचं वाक्य असं करा: 'हवामानविषयक कायद्यांसाठी अल्स्टॉम ब्रुसेल्समध्ये कोणती रदबदली करते'. संपादकाला दरबारी वाटलं तर 'पाठपुरावा' घाला, पण बांधिलकी काढा.