पहिला किलोमीटर कुडकुडतच जायला हवा: थंडीतल्या धावण्याच्या कपड्यांविषयी प्रश्नोत्तरे

डिसेंबर लागला की मला येणाऱ्या प्रश्नांत गुडघे मागे पडतात आणि कपडे पुढे येतात. त्यातले हे काही.

प्रश्न: मी निफाडजवळ राहतो. सकाळी पावणेसहाला निघतो तेव्हा पारा सात-आठवर असतो. सुती बनियन, त्यावर थर्मल, स्वेटर, जाकीट आणि माकडटोपी असा जामानिमा करतो. दोन किलोमीटरमध्ये आतून चिंब होतो आणि परतताना हुडहुडी भरते. आणखी जाड थर्मल घेऊ का?

नको. उलट आहेत त्यातले कपडे कमी करा.

निफाडच्या थंडीची थट्टा मी करणार नाही. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात तिथे माणसाने स्वेटर शोधला तर नवल नाही. पण धावणारा माणूस स्वतःच एक बंब असतो. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग पाय हलवायला लागतो, बाकीची सगळी उष्णता. साठ किलोच्या माणसाने दहा किलोमीटर धावले तर साधारण ६०० कॅलरी जळतात. त्यातल्या साडेचारशेच्या उष्णतेवर घरातलं पाच लिटर पाणी उकळेल. एवढा जाळ पोटात आणि वर चार कपडे, मग घाम येणार नाही तर काय?

घाम आला की खरी फसगत सुरू होते. थंड हवेपेक्षा ओलं कापड जास्त गारठवतं, कारण पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. तुमच्या यादीतला मुख्य गुन्हेगार सगळ्यात आत बसला आहे: सुती बनियन. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. मी स्वतः पहिला हिवाळा कॉलेजच्या सुती हुडीत काढला. पुण्यातली वेताळ टेकडी चढून वर पोचेपर्यंत बाह्या पिळता येतील इतक्या ओल्या झालेल्या असायच्या, आणि वर वारा. तेव्हा मला वाटायचं की मलाच थंडी सोसत नाही.

तर हिशेब असा. तापमापी आठ दाखवत असेल तर त्यात दहा मिळवा आणि अठरा अंशांत फिरायला जाताना जे घालाल तेवढंच घाला. म्हणजे अंगालगत पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, ज्याला आपण सगळे सरसकट ड्रायफिट म्हणतो. पूर्ण बाह्यांचा नसेल तर स्पर्धांमध्ये फुकट मिळालेले अर्ध्या बाह्यांचे ढीगभर असतीलच. शाळकरी मुलांचे गुडघ्यापर्यंतचे जुने मोजे घ्या, पुढची बोटं कापा आणि हातात चढवा. झाल्या बाह्या. अंग तापलं की एका हाताने खाली ओढून मनगटावर गोळा करता येतात, हे जाकिटाला जमत नाही. वारा असेल तरच वर पातळ विंडचीटर, गळ्यापासून चेन उघडता येईल असा. खाली ट्रॅक पँट पुरे.

दाराबाहेर मिनिटभर उभं राहून बघा. थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत. उंबऱ्यातच ऊबदार वाटलं तर एक कपडा जास्त आहे. आणि तो स्वेटर टाकू नका, परत आल्यावर ओला टी-शर्ट बदलून लगेच घाला. थंडी बाधते ती बहुतेक वेळा धावून झाल्यावर चहाच्या टपरीवर ओल्या अंगाने गप्पा मारताना.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले दोघे वजन उतरवायला रेनकोटसारखं जाकीट घालून पळतात. थंडीत चालतं म्हणे. खरं का?

खोटं. काट्यावर जे उतरतं ते पाणी असतं, दोन-तीन ग्लास पाणी प्यायलं की जागेवर परत येतं. चरबी घामातून बाहेर पडत नाही. हवा खेळती नसल्याने अंग नको इतकं तापतं, चक्कर येते, आणि हे थंडीतही होतं. ते जाकीट जूनसाठी ठेवा म्हणावं.

प्रश्न: ताई, मी नागपूरची. अंगाला थंडी वाजत नाही, पण बोटं इतकी बधिर होतात की घरी आल्यावर कुलूप उघडत नाही. कानही दुखतात.

थंडी पडली की शरीर हातापायांच्या टोकांकडचं रक्त आखडतं घेतं आणि मधल्या अवयवांना सांभाळतं. म्हणून छातीवर आणखी एक कपडा चढवण्यापेक्षा हातमोजे घाला. महागडे नकोत, हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडचे साधे विणलेले चालतात. तापल्यावर काढून कमरेच्या इलॅस्टिकमध्ये खोचता येतील असे पातळ घ्या. कानांसाठी बफ, म्हणजे गळ्यात घालून कानांवर ओढता येणारी ताणली जाणारी कापडी नळी, किंवा रुंद पट्टी. माकडटोपी तोंडावरून घेतली तर श्वासाच्या वाफेने ओली होते आणि मग नाकाला गार फडकं बांधल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट बायका विचारत नाहीत म्हणून मीच सांगते: स्पोर्ट्स ब्राही सुती नको. वरचा टी-शर्ट वाळतो, ती ओलीच राहते, आणि छातीलगत तासभर गारवा. घरी आल्यावर सगळ्यात आधी तीच बदला.

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूरचा, दोन वर्षांपासून टोरांटोत आहे. उणे दहा-बारामध्ये बाहेर पळणं शहाणपणाचं आहे का? इथे तीन थर घाला म्हणतात.

कोल्हापूरची हाडं टोरांटोतही पळू शकतात, फक्त तिथे वर दिलेला निफाडचा हिशेब अपुरा पडतो, कारण वारा. उणे दहाला ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे वीससारखं लागतं. त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वी तापमान बघू नका, तिथल्या हवामान खात्याचा विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे प्रत्यक्षात किती थंड लागेल त्याचा, आकडा बघा. तो उणे २८च्या खाली गेला की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिल.

तीन थरांचं म्हणाल तर प्रत्येकाचं काम वेगळं आहे. आतला घाम अंगापासून दूर नेतो, मधला हवा अडकवून ऊब धरतो, बाहेरचा वारा अडवतो. उणे पाचपर्यंत बहुतेकांना मधला लागतच नाही. आत मेरिनो लोकर परवडत असेल तर घ्या, ओली झाली तरी ऊब देते. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चारही बोटं एकत्र राहतात तसले घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. पुरुषांसाठी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रं मिळतात; लाजू नका, घ्या.

रस्ता निवडताना जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर ठेवा. उलट केलंत तर घामाने भिजलेलं अंग घेऊन वाऱ्याच्या तोंडी सापडाल. नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरट पडून बधिर झाली तर चोळू नका; आत जा, हलकी ऊब द्या आणि संवेदना परतत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: पुण्यात नऊ-दहा अंशांत सराव केला, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे. तेच कपडे न्यावेत का?

फक्त बूट आणि मोजे तेच न्या. मुंबईची पहाट पुण्यापेक्षा कितीतरी उबदार आणि दमट. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येईल तेव्हा डोक्यावर ऊन असेल. बिनबाह्यांचा टी-शर्ट आणि शॉर्ट्स. सुरुवातीच्या रांगेत गार वाटलं तर घरातला जुना, टाकायच्या लायकीचा शर्ट वरून घाला आणि निघताना काढून कडेला ठेवा. रस्त्याच्या मधोमध नको, मागच्याचा पाय त्यात अडकतो. आणि दोन-तीन रविवार सूर्य वर आल्यावर धावून बघा, नाहीतर पुण्याची थंडी तुम्हाला मुंबईत महागात पडेल.

प्रश्न: ड्रायफिट कपड्यांना धुतल्यावरही वास येतो.

कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालणं बंद करा. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. धावून आल्यावर गोळा करून बादलीत फेकू नका. कपडे उलटे करून लगेच गार पाण्यातून काढा आणि सावलीत वाळत घाला.