‘आमच्या घराण्यात असं कुणीच नाही, मग बाळाला कुठून आलं?’

जनुकीय समुपदेशनात हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. डाउन सिंड्रोम (शरीराच्या आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम करणारी जन्मजात अवस्था) असलेल्या बाळाचे आईवडील येतात, सोबत बहुतेकदा सासूबाई असतात आणि रिपोर्ट पुढे करण्याआधीच घराण्याची हमी दिली जाते. साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), तेव्हाही तसंच झालं. बाळ अडीच महिन्यांचं, आई पंचविशीची. ‘‘आमच्याकडं सात पिढ्यांत असं न्हाई,’’ आजी म्हणाल्या. सून मान खाली घालून बसली होती.

मी तिला विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?’’ हे मी प्रत्येक आईला विचारते. तिनं मनात धरलेलं कारण बाहेर आल्याशिवाय माझं सांगणं तिच्यापर्यंत पोचत नाही. ती हळूच म्हणाली, ‘‘सातव्या महिन्यात ग्रहण होतं. मी विळीवर भाजी चिरली. सगळे नको म्हणत होते.’’

मग मी कॅरिओटाइपचा, म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांच्या तपासणीचा कागद टेबलावर पसरला. बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत तीनेक दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात आणि गुणसूत्रं जोडीजोडीनं मांडतात. आखूड, पट्टेदार कांड्या दिसतात. तिला म्हटलं, ‘‘तुम्हीच मोजा.’’ बोट ठेवत ती २१ व्या जोडीपाशी आली आणि थांबली. तिथे तीन होती. खाली लिहिलं होतं: ४७,एक्सवाय,+२१. म्हणजे एकूण ४७ गुणसूत्रं, बाळ मुलगा, आणि २१ वं एक जास्त.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे गुंडाळलेला डीएनएचा धागा. एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. रिळाला दोरा गुंडाळावा तसा तो प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, म्हणून एवढ्याशा जागेत मावतो. त्या धाग्यावरचे ठरावीक तुकडे म्हणजे जनुकं. कोणतं प्रथिन बनवायचं याची माहिती त्यांत असते. २१ वं गुणसूत्र सगळ्यांत लहान, तरी त्यावर दोनशेहून जास्त जनुकं आहेत. या बाळाच्या जनुकांतला मजकूर बिघडलेला नव्हता. त्याची एक प्रत जास्त झाली होती, आणि त्या जास्तीच्या मात्रेचा परिणाम शरीरभर होतो. डाउनमध्ये २१ वं गुणसूत्र एक जास्त असतं, हे पॅरिसमध्ये लजून, गोतिये आणि त्युर्पाँ या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी जगभर आयांनाच बोल लावला जात होता.

स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतलं एकेकच गुणसूत्र पुढे जायला हवं. कधीकधी जोडी सुटत नाही, दोन्ही जातात. बहुतेक वेळा हे स्त्रीबीजात घडतं. मी हे बोलले आणि आजींनी सुनेकडे पाहिलं. म्हणून इथे मी मुद्दाम वेळ घेतला. ‘‘आजी, मुलगी स्वतः तिच्या आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजं तयार होतात आणि पुढे कित्येक वर्षं विभाजन अर्धवट ठेवून थांबून राहतात. ते पुढे नीट होईल की नाही, हे ना तिच्या हातात, ना कुणाच्या. आई पस्तिशीपुढची असेल तर शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात.’’ मग सुनेला म्हणाले, ‘‘तुमच्या बाळाची ४७ गुणसूत्रं गर्भ राहिला त्याच क्षणी ठरली होती. ग्रहण आलं सातव्या महिन्यात. विळीचा संबंध येतोच कुठे?’’ तेव्हा ती पहिल्यांदा रडली. नवऱ्यानं बाळ आपल्याकडे घेतलं.

आजींची खरी काळजी वेगळीच होती. धाकट्या लेकीचं लग्न जमत होतं. पाहुण्यांना कळलं तर? इथे रिपोर्टचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. साधारण ९५ टक्के बाळांत असंच सुटं तिसरं गुणसूत्र असतं आणि ते घराण्यातून येत नाही. आत्याला तिच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा जास्त धोका नाही, तपासणीही नको. मात्र तीन-चार टक्के बाळांत २१ व्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तेव्हा आईवडिलांची तपासणी करावीच लागते, कारण त्यांच्यापैकी कुणी वाहक असेल (म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण असं चिकटलेलं गुणसूत्र अंगात आहे) तर प्रश्न त्यांच्या भावंडांपर्यंत जातो. म्हणूनच नुसतं ‘डाउन आहे’ या शब्दावर मी कधीच काही सांगत नाही, कॅरिओटाइप मागते.

पुढच्या बाळाचं नवऱ्यानं विचारलं. पुन्हा असं होण्याची शक्यता या वयात साधारण १०० मध्ये १. हवी असल्यास ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशी किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. करायचं की नाही, हे त्यांनी दोघांनी ठरवायचं.

पण त्याआधी या बाळाचं. डाउन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि काहींची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. कारण शोधण्याच्या धावपळीत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, राहूनच गेला होता. बालरोगतज्ज्ञांशी बोलून इको आणि थायरॉइडची तपासणी त्याच आठवड्यात ठरवली.