नववीसाठी लेकीला लातूरला पाठवायचं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं करमाळ्याहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगतो. मुलगी आठवीत, संस्थेच्या अनुदानित शाळेत, सेमी-इंग्रजीला. बाकी विषयांत ऐंशीच्या पुढे असते, गणितात मात्र पंचावन्न-साठच्या वर सरकत नाही. यंदा एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी तिची निवड झाली. डॉक्टर व्हायचं म्हणते. यजमान साखर कारखान्यात कारकून आहेत, तुम्ही घरी शिवणकाम करता. लातूरच्या एका निवासी अकादमीत नववी-दहावी आणि जोडीला ‘नीट फाउंडेशन’ (‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची पूर्वतयारी) अशी दोन वर्षांची जागा मिळते आहे. फी वर्षाला १ लाख ४० हजार, आणि ३१ मार्चच्या आत सगळी रक्कम भरली तर काही सूट. तुमच्या दिरांचं म्हणणं, आत्ता पाठवली नाही तर नीटसाठी उशीर होईल. यजमानांचं मन होत नाही. मधला मार्ग म्हणून गावाजवळच्या सीबीएसई शाळेचाही विचार चालू आहे. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, “पैशाकडे बघून आम्ही मुलीचं नुकसान तर करत नाही ना?”

नाही, करत नाही. मुलीला घरीच, आहे त्याच शाळेत ठेवा. गणितासाठी एक चांगली पारखून घेतलेली शिकवणी लावा आणि हाताशी असलेला पैसा अकरावी-बारावीसाठी राखून ठेवा. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. असं का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे दिरांशी बोलताना तुमच्याकडे कारणं असतील.

आधी शिष्यवृत्तीचं, कारण पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात. एनएमएमएसमध्ये नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे एकूण ४८,०००. पण ती शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती बंद होते, मग ती लातूरची अकादमी असो की तुमच्या जवळची खासगी सीबीएसई शाळा. अकादमीचे दोन वर्षांचे २ लाख ८० हजार आणि हातचे गेलेले ४८ हजार मिळून हिशेब ३ लाख २८ हजारांवर जातो. या शिष्यवृत्तीला पात्र ठरायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. म्हणजे तुमची जवळजवळ वर्षभराची कमाई नववी-दहावीतच संपेल आणि खरी गरज त्यानंतर सुरू होईल. शिष्यवृत्ती चालू ठेवण्यासाठी दरवर्षी शाळेमार्फत ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं, खातं मुलीच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं, आणि अकरावीत ती पुढे मिळायला दहावीला ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे). शाळेतल्या क्लार्कना आत्ताच भेटून हे समजून घ्या.

आता दिरांच्या ‘उशीर होईल’ या मुद्द्याकडे येतो. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे, आणि अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. नववी-दहावीचं विज्ञान त्याचा पाया आहे, हे खरंच. पण तो पाया म्हणजे पाठ्यपुस्तक समजून वाचणं, आकृती काढणं, एककं न चुकता उदाहरण सोडवणं आणि गणिताची भीती नसणं. याला ‘फाउंडेशन’ असं वेगळं नाव देऊन लाखभर रुपये मोजावेत असं त्यात काही नाही. उलट गणितात साठला अडकलेल्या मुलीसमोर नववीतच अकरावीचं भौतिकशास्त्र ठेवलं तर ती ते पाठ करू लागते, आणि पाठ करायची ती सवय पुढे मोडणं फार अवघड जातं.

लातूरबद्दल माझ्या मनात आदरच आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला लातूर पॅटर्न म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांकडून सातत्याने सराव करून घेणं, पेपर तपासून परत देणं, चुकलेलं पुन्हा लिहून घेणं. तिथे दहावीचे निकालही उत्तम लागतात. २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले, त्यातली ११३ लातूर विभागाची होती. पण दहावीचे गुण अकरावीच्या प्रवेशाला लागतात, नीटच्या गुणवत्ता यादीत ते धरले जात नाहीत. तुमची मुलगी दहावीपर्यंत डॉक्टर व्हायचं म्हणत राहिली तर अकरावीला लातूरचा विचार जरूर करू. तो रस्ता आज बंद होत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. पूर्ण फी भरून मूल मध्येच निघालं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, हेही त्यात आहे. या सूचना राज्य सरकारांना उद्देशून आहेत, त्यामुळे केवळ त्यांच्या जोरावर तुम्हाला कुणाकडून पैसे परत मिळवता येतील असं मी म्हणणार नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीसाठी दोन वर्षांची फी एकरकमी मागणाऱ्या जागेला एवढं तरी विचारा: मुलगी दिवाळीनंतर परत आली तर किती पैसे परत द्याल? उत्तर लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

सीबीएसईचं त्या मानाने लवकर आटोपतो. नीट एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांवर असते म्हणून सीबीएसई हवं, असं सर्रास सांगितलं जातं. ती पुस्तकं अकरावीत विकत आणून वाचता येतात, राज्य मंडळाची मुलं तेच करतात. तुमच्या मुलीने गणित-विज्ञान इंग्रजीतून केलंय, पण इतिहास-भूगोल मराठीतून. नववीत सगळंच इंग्रजीतून आलं तर पहिले सहा महिने शब्दांशी झगडण्यात जातील, आणि ज्या गणिताला वेळ द्यायचा तेच मागे पडेल. शिवाय सीबीएसईत नववी-दहावी हा एकच सलग टप्पा धरतात. बदली वगैरे ठोस कारण असल्याशिवाय थेट दहावीत प्रवेश मिळत नाही. तुमच्या बाबतीत मला त्या बदलातून काहीच मिळताना दिसत नाही.

मग उरतं गणित. तुमच्या पत्रातली खरी अडचण हीच आहे, आणि तिच्यावर पत्रात सगळ्यांत कमी लिहिलंय.

शिकवणी लावण्याआधी मुलगी नेमकी कुठे अडते ते शोधा. यासाठी तुम्हाला गणित यायला पाहिजे असं नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सहावी, सातवी, आठवीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मागे उत्तरसूची असते. सातवीच्या पुस्तकातली पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, परिमेय संख्यांवरच्या क्रिया आणि बैजिक राशी या प्रकरणांतली पाच-पाच उदाहरणं तिला एकटीला सोडवू द्या. घड्याळ लावू नका, शेजारी बसून शिवण करत राहा. मग उत्तरं जुळवा. पंचावन्न-साठवर थांबलेल्या बहुतेक मुलांची गाठ इथेच असते: वजा चिन्ह कंस सोडवताना सुटतं, अपूर्णांकांची बेरीज करताना छेद चुकतो. आठवीतली विस्तार सूत्रे आणि अवयव याच गाठीमुळे कोलमडतात. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं येतात तेव्हा तीच चूक चाळीस गुणांच्या पेपरात पाच ठिकाणी होते. मुलीला वाटतं आपल्याला गणित येत नाही. प्रत्यक्षात तिला सातवीतलं एक प्रकरण येत नसतं, आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून होतं.

भूमितीचं वेगळं आहे. दहावीला गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वर अंतर्गत २० गुण. भूमितीत समरूपता, वर्तुळ ही प्रकरणं वाचून समजल्यासारखी वाटतात आणि पेपरात लिहिता येत नाहीत. पक्ष, साध्य, सिद्धता आणि प्रत्येक पायरीपुढचं कारण, हे लिहूनच येतं. कुणीतरी ती वही तपासली पाहिजे.

म्हणून शिकवणी निवडताना मी तुम्हाला फ्लेक्सवरचे फोटो बघायला सांगणार नाही. मागच्या वर्षी नव्वदच्या पुढे किती गेले हेही विचारू नका, ती मुलं आत आली तेव्हाच किती हुशार होती ते त्यातून कळत नाही. सरांकडे, बाईंकडे जाऊन सरळ म्हणा, गेल्या महिन्यात तपासलेले चार-पाच पेपर दाखवता का? नावं झाकून दाखवले तरी चालेल. लाल पेनाने नुसतं चूक-बरोबर केलंय की कुठल्या पायरीवर घसरलं ते लिहिलंय, ते बघा. एका वेळी किती मुलं बसतात ते विचारा. पंधरा-वीस असतील तर वही तपासली जाते, साठ असतील तर फळ्यावरून उतरवणं होतं. आणि पहिल्या दोन दिवसांच्या ‘डेमो’वर निर्णय घेऊ नका, ते सगळेच छान शिकवतात. महिनाभराची फी भरा, तिसऱ्या आठवड्यात वही उघडून बघा. मुलीने शंका विचारली का, तिला काय उत्तर मिळालं, हे तिच्याकडूनच ऐका. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांनाही जरूर भेटा. अनुदानित शाळांमध्ये मनापासून शिकवणारे शिक्षक आहेत. पालक येऊन ‘हिला अमुक प्रकरण जमत नाही’ असं नेमकं सांगतात तेव्हा ते वेळ काढतात.

बाकीच्या विषयांना शिकवणी नको. सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, असं झालं तर मुलीला स्वतःहून पुस्तक उघडायला वेळच राहत नाही. विज्ञानाचे दोन्ही भाग ती स्वतः वाचू दे, अडलं तर विचारू दे. दहावीला टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे एखादा विषय थोडा मागे राहिला तरी घाबरून आणखी एक क्लास लावू नका.

अकरावीचं थोडं आत्ताच सांगून ठेवतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. करमाळ्यात बसून लातूर, पुणे, बार्शी, सोलापूर कुठलंही महाविद्यालय पसंतीक्रमात टाकता येतं, त्यासाठी नववीपासून तिथे असण्याची गरज नाही. विज्ञान घेताना गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, म्हणजे नीटबरोबर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही गट, पर्यायाने अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी हे सगळे रस्ते खुले राहतात. कुणी क्लासेससाठी राजस्थानातलं कोटा शहर किंवा हैदराबाद सुचवलं तर एक नियम ध्यानात असू द्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण असावी लागते. बारावी दुसऱ्या राज्यातून झाली तर कमी फीमध्ये एमबीबीएस करण्याचा मुख्य मार्गच हातचा जाऊ शकतो. तुमच्यासारख्या घरासाठी हा नियम कुठल्याही क्लासच्या निकालापेक्षा मोठा आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गात बसत असाल तर दहावीनंतर महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या मोफत नीट-जेईई-सीईटी प्रशिक्षणाची जाहिरात निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

पत्रभर मी एक गोष्ट शोधत होतो: मुलगी स्वतः लातूरबद्दल काय म्हणते? तुम्ही लिहिलंय, “ती काही बोलत नाही, तुम्ही म्हणाल तसं म्हणते.” चौदा वर्षांच्या मुलीला घरातली पैशांची ओढाताण दिसत असते आणि काकांचा आग्रहही ऐकू येत असतो. अशा वेळी ती तेच म्हणणार. यजमान, दीर कुणी नसताना तिच्याशी बोला. डॉक्टर का व्हायचंय, कुणाला बघून वाटलं, हे विचारा. उत्तर काहीही असो, त्यावर लगेच सल्ला देऊ नका. आणि तिला हेही कळू द्या की लातूरला न पाठवण्याचं कारण तिचे गणिताचे गुण नाहीत.

यजमानांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं मन जे म्हणतंय ते या वेळी हिशेबालाही धरून आहे. अकादमीला फोन करून सध्या प्रवेश घेत नसल्याचं कळवा. सूट संपेल ती संपू दे. शिष्यवृत्तीचे कागद मार्गी लावा आणि वार्षिक परीक्षा झाली की सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करा. तिने सोडवलेल्या पानांचे फोटो मला पाठवा, चुकलेली उदाहरणं खोडू नका, तशीच राहू द्या. कुठलं प्रकरण आधी घ्यायचं ते त्यावरून कळवतो.