'हायडी'चे पहिले १८ भाग गाळायचे का?

प्रश्न असा आहे: "१९७४ची जपानी 'हायडी' मालिका सात वर्षांच्या मुलीला दाखवायची आहे. सुरुवातीचे भाग फार संथ आहेत, त्यांत काही घडतच नाही. थेट फ्रँकफर्टपासून सुरू केलं तर चालेल का? की सगळं एकत्र करून काढलेला सिनेमाच दाखवू?"

नाही चालणार. पहिले १८ भाग हायडी डोंगरावर आजोबांकडे असते, १९व्यापासून ती फ्रँकफर्ट शहरात जाते, आणि ते शहर त्या डोंगराशिवाय कळत नाही. आणि तो सिनेमा तर मुळीच दाखवू नका. १९७९ साली मालिकेतलेच तुकडे जोडून तो बनवला. ५२ भागांचा, जवळपास १९ तासांचा ऐवज दोन तासांच्या आत बसवलाय. त्या कामात ना दिग्दर्शक इसाओ ताकाहाता होते, ना मालिकेतल्या दर शॉटची मांडणी काढणारे हायाओ मियाझाकी. गोष्ट कळते, पण मालिका पाहिली असं होत नाही.

"काही घडतच नाही" हे मी फार वर्षं ऐकत आलेय. एका जुन्या सहकाऱ्याशी याच वाक्यावरून माझा वाद आहे. त्याचं म्हणणं असं की जपान्यांकडे पैसा नव्हता, चित्रं वाचवायची होती, म्हणून त्यांनी वेळ काढला. मी अॅनिमेशनमधलं लेआउट, म्हणजे शॉटची मांडणी, शिकवते, म्हणून हे मला सोडवत नाही. हा संथपणा स्वस्तातला नाही. या मालिकेत सगळ्यात महाग तोच आहे.

पहिला भाग घ्या. डेटेमावशी पाच वर्षांच्या हायडीला डोंगरावर आजोबांकडे सोडायला निघाली आहे. गाठोडं उचलायला नको म्हणून पोरीच्या अंगावर सगळे कपडे एकावर एक चढवलेत. पोर घामाघूम, तोंड लालबुंद. वाटेत पेटर आणि त्याच्या शेळ्या भेटतात. शेळ्या चढावर उड्या मारताहेत आणि हिला पाऊल उचलवत नाही. मग ती एकेक कपडा काढत जाते आणि शेवटी आतल्या कपड्यांवर शेळ्यांमागे धावत सुटते. योहाना स्पायरीच्या १८८०च्या मूळ पुस्तकातही हे आहे, पण तिथे ते थोडक्यात उरकतं. इथे त्याला वेळ दिलाय. कारण पहिल्या पावलाला अंग जड आहे आणि शेवटच्या पावलाला हलकं, हे चालण्यातूनच दिसावं लागतं. जड अंगाचं मूल चढावर कमरेतून पुढे झुकतं, टाच आधी टेकत नाही, आणि गुडघा सरळ व्हायच्या आत दुसरं पाऊल पडतं. हलकं झालं की पाठ ताठ होते, हात बाजूला सुटतात. ही दोन वेगळी चालण्याची चक्रं आहेत, दोन्ही वेगळी काढावी लागतात. पैसे वाचवायचे असते तर डेटेने गाठोडं उचललं असतं. एकच चाल काढून शेवटपर्यंत फिरवता आली असती.

वादाचा मुद्दा चित्रांच्या संख्येचा असतो, म्हणून हिशेब सांगते. सेकंदाला २४ फ्रेम. टीव्हीच्या कामात एक चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. सिनेमाच्या भरगच्च कामात दोन फ्रेमला एक, म्हणजे १२, आणि वेगवान हालचालीला २४सुद्धा. आकडे एवढेच पाहिले तर सहकारी बरोबर. पण 'हायडी'त श्रम कुठे गेले ते या आकड्यांत येतच नाही. ते गेले लेआउटमध्ये.

लेआउट म्हणजे दर शॉटचा एक मोठा कागद. त्यावर पार्श्वभूमी आणि पात्रं एकत्र काढलेली असतात. डोळ्याची पातळी कुठे, उतार किती अंशाचा, पात्र कुठे उभं आहे, कॅमेरा कुठून कुठे सरकणार आणि दर फ्रेमला किती मिलिमीटर, हे सगळं त्यावर असतं. एक प्रत पार्श्वभूमी रंगवणाऱ्याकडे जाते, एक अॅनिमेटरकडे. हा कागद नसला की काय बिघडतं ते मी दर वर्षी विद्यार्थ्यांच्या कामात पाहते: पात्र जमिनीवर उभं न राहता तरंगतं, एका शॉटमध्ये झोपडीचं दार उजवीकडे आणि पुढच्यात डावीकडे, डोंगराचा चढ दर वेळी वेगळा. प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण त्या जागेवरचा त्याचा विश्वास उडतो.

'हायडी'त हे काम मियाझाकींनी केलं, ५२च्या ५२ भागांचं. एका भागात साधारण ३०० शॉट. दर आठवड्याला एक भाग जायचा, तोही वर्षभर, ६ जानेवारीपासून २९ डिसेंबर १९७४पर्यंत, दर रविवारी संध्याकाळी साडेसातला. झोपडी, मागची तीन जुनी फरची झाडं, खालचं डॉर्फली गाव, वरची कुरणं, सगळी एकाच हाताने मांडलेली. म्हणून दहाएक भागांनंतर तुमची मुलगी डोळे मिटून सांगेल की झोपडीतून निघाल्यावर कुरणाकडे कसं जायचं. काम सुरू करण्याआधी, १९७३च्या जुलैत ताकाहाता, मियाझाकी आणि पात्रं काढणारे योइची कोताबे स्वित्झर्लंडला जाऊन आले, गोष्ट जिथे घडते तो मायेनफेल्डचा परिसर डोळ्यांनी पाहून आले. टीव्हीच्या मालिकेसाठी त्या काळी असं कुणी करत नव्हतं. कोताबेंच्या पहिल्या चित्रांत हायडीला वेण्या होत्या. तिथल्या एका जाणकाराने हरकत घेतली की डोंगरावर एकटे राहणारे आजोबा पाच वर्षांच्या पोरीच्या रोज वेण्या घालतील का? वेण्या गेल्या, आखूड केस आले. मूळ पुस्तकातही तिचे केस आखूड आणि कुरळेच आहेत.

आता दुसरा भाग, चीजचा. आजोबा चीजचा मोठा तुकडा लांब काट्याला लावून विस्तवासमोर धरतात. नीट पाहा: आधी फक्त कडा चमकते. मग कोपरा गोल होतो. मग पृष्ठभाग हलतो आणि तुकडा आपल्याच वजनाने ओघळायला लागतो. पावावर ठेवल्यावर तो लगेच पसरत नाही, क्षणभर थांबून बसतो. हा क्षणभराचा उशीर हीच कारागिरी आहे. वितळलेल्या वस्तूला वजन असतं आणि वजन सावकाश बसतं. जपानमध्ये आजही या चीजचं नाव काढलं की लोकांना भूक लागते.

तुमची मुलगी ते मागणारच, म्हणून सांगून ठेवते. पनीर वापरू नका, ते कितीही तापवलं तरी वितळत नाही. पनीर आम्लाने फाडलेलं असतं, त्यातलं कॅल्शियम निघून गेलेलं असतं, त्यामुळे प्रथिनं तापल्यावर सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट धरतात. आम्लाने नव्हे तर रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या विकराने) लावलेलं, काही महिने मुरवलेलं चीज हवं. राक्लेट उत्तम, गौडा चालेल. एक सेंटिमीटर जाड काप काढा आणि अर्धा तास आधी फ्रिजबाहेर ठेवा. गार तुकड्याची बाहेरची बाजू करपते आणि आतला भाग तसाच राहतो. थेट गॅसच्या ज्योतीवर धरू नका, तेल सुटून खाली टपकतं आणि भडका होतो. मंद आचेवर तवा, वर झाकण, दोन मिनिटं. मऊ पाव भिजून लगदा होतो, म्हणून जाड सालीचा पाव घ्या किंवा आधी कडक भाजून घ्या.

पावाचा कडकपणा इथे उगाच आलेला नाही. दहाव्या भागात हायडी पेटरच्या आंधळ्या आजीला भेटते. आजीला दात नाहीत, काळा कडक पाव तिला चावत नाही. पुढे २५व्या भागात, फ्रँकफर्टच्या श्रीमंत घरात, हायडी जेवणातले मऊ पांढरे पाव आजीसाठी कपाटात साठवते आणि घर सांभाळणाऱ्या रोटेनमायरबाई ते फेकून देतात. तुम्ही फ्रँकफर्टपासून सुरुवात केलीत तर मुलीला एवढंच दिसेल की एक वेंधळी पोर कपाटात शिळे पाव ठेवते आणि एक बाई ओरडते. दुसरा आणि दहावा भाग पाहिला असेल तर तिच्या पोटात गोळा येईल.

असंच सगळ्याचं आहे. माळ्यावरचं गवताचं अंथरूण आणि गोल खिडकीतून दिसणारी दरी पाहिली असेल, तरच फ्रँकफर्टच्या खिडकीतून फक्त भिंती दिसतात हे लागतं. सातवा भाग अख्खा फरच्या झाडांच्या आवाजावर आहे. त्यात काय घडतं असं विचाराल तर वारा वाहतो. पण मूळ कादंबरीत शहरातल्या गाड्यांचा खडखडाट ऐकून हायडीला वाटतं की फरची झाडंच वाजताहेत, आणि ती धावत बाहेर पडते. तो आवाज कानात असल्याशिवाय ही धाव कळणार नाही. २२व्या भागात ती डोंगर दिसेल म्हणून चर्चच्या मनोऱ्यावर चढते आणि तिला छपरं नि धुराडी दिसतात. १९ ते ३४ हे भाग पहिल्या १८ भागांत साठवलेल्या पुंजीवर चालतात.

संथ मालिका लोक पाहत नाहीत, हे त्या सहकाऱ्याचं दुसरं वाक्य. १९७४च्या ऑक्टोबरात त्याच रविवारी, त्याच वेळेला, दुसऱ्या वाहिनीवर 'यामातो' ही अंतराळातल्या युद्धनौकेची मालिका सुरू झाली. तोफा, स्फोट, सगळं त्यात होतं. ३९ भाग ठरलेले, ते २६वर आटोपावे लागले. 'यामातो' पुढे गाजली, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या हिवाळ्यात जपानी घरांत बघितली जात होती ती शेळ्या राखणारी पोर.

आपल्याकडे दूरदर्शनवर लागायची ती 'जंगल बुक' याच घराण्यातली. १९७५पासून ही परंपरा निप्पॉन अॅनिमेशन या कंपनीकडे आली आणि १९८९ची ५२ भागांची 'जंगल बुक' त्यांचीच. ती आपण भाग न गाळता पाहिली. रविवारची वाट पाहण्यातच पाहण्याची चाल ठरत होती. तुम्हीही तसंच करा. रोज एक भाग, फार तर दोन, सलग सहा कधीच नाही.

पाहताना काही गोष्टी सांभाळा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. नाव कंपनीगणिक वेगळं असतं, पण चित्राच्या सेटिंगमध्ये सापडतं. ते दोन चित्रांच्या मध्ये आपल्या मनाने चित्रं घालतं. इथे एक चित्र तीन फ्रेम मुद्दाम धरलेलं आहे, त्यात असली भर पडली की हात लिबलिबीत दिसतात आणि चेहऱ्याच्या कडा थरथरतात. चित्र ४:३ मापाचं आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते बरोबर आहे. पडदा भरण्यासाठी वरखाली कापलेली प्रत मिळाली तर टाळा, कारण डोंगराचं शिखर आणि पात्राचे पाय हेच आधी कापले जातात, आणि पायाखालची जमीन दिसण्यासाठीच तर लेआउटचा सगळा खटाटोप होता. वेग वाढवून पाहू नका. चीज सव्वापट वेगाने वितळलं की ते लोण्यासारखं दिसतं.

शीर्षकगीतातल्या उंच झोक्याबद्दल मुलगी विचारेल. स्टॉपवॉच लावा, एक पूर्ण ये-जा किती सेकंदांची ते मोजा, त्या आकड्याचा वर्ग करा आणि ४ने भागा. दोराची लांबी साधारण मीटरमध्ये येते. बागेतल्या दोन मीटरच्या झोक्याला तीन सेकंदांहून थोडं कमी लागतं. १२ सेकंद लागत असतील तर दोर ३६ मीटरचा, म्हणजे बारामजली इमारतीएवढा. झोका आभाळातून सोडलेला का वाटतो, ते तिला कळेल.

आता सावधगिरीच्या गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. १४व्या आणि १५व्या भागांत युकी या छोट्या शेळीला कापण्याचा विषय येतो. तेव्हा शेजारी बसा. ३३व्या भागात रात्री घरात भूत फिरतं असा गोंधळ आहे. ते झोपेत चालणारी हायडीच असते, पण लहान मुलं घाबरतात. तो भाग दिवसा दाखवा आणि लगेच ३४वा लावा, त्यात ती डोंगरावर परत येते. कादंबरीतला धर्माचा भाग मालिकेत बराच कमी केलाय, आणि आजोबांचा जोसेफ हा कुत्रा पुस्तकात नाहीच. पुस्तक आधी वाचून दाखवलं असेल तर तिला हे सांगून ठेवा. क्लारा ही फ्रँकफर्टच्या त्या घरातली, चालू न शकणारी मुलगी. पुस्तकात पेटर मत्सरापोटी तिची चाकांची खुर्ची दरीत ढकलतो. मालिकेत क्लाराच ती बाहेर काढते आणि खुर्ची तिच्या हातून सुटून उतारावरून जाते. मला मालिकेतला बदल जास्त पटतो, कारण त्यात दोष दुसऱ्या मुलाच्या माथी मारलेला नाही.

आणि क्लारा चालायला लागते, त्याबद्दल. तुमच्या मुलीच्या वर्गात किंवा नात्यात कुणी चाकांच्या खुर्चीवर असेल, तर शेवटचे चार भाग पाहण्याआधी तिला स्पष्ट सांगा की क्लाराच्या पायांत ताकद येण्यासारखी होती, सगळ्यांच्या येत नाही, आणि ते मनापासून प्रयत्न न केल्यामुळे नसतं. मालिका हे सांगत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.