पात्यांचा वारा स्वतःच्याच टपावर, मग हेलिकॉप्टर वर जातं कसं?

प्रश्न: आमचं घर सोनेगावकडे, एअरपोर्टवर येणारी-जाणारी हेलिकॉप्टरं गच्चीवरून दिसतात. कुलरसमोर ताट धरलं की ताट मागे ढकललं जातं. मग पात्यांचा एवढा वारा हेलिकॉप्टरच्याच टपावर पडतो तर ते खाली काहून दाबलं जात नाही? आणि शेपटीवरचा तो आडवा छोटा पंख कशासाठी, त्याने काय उडतं का?
एक वाचक, नागपूर

उत्तर: दाबलं जातं ना भाऊ! किती, ते बघा फक्त. आपलं एचएएलचं ध्रुव हेलिकॉप्टर घ्या, पूर्ण भरलं की साडेपाच टन, रोटरचा (म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) व्यास १३.२ मीटर. एवढं वजन हवेत एका जागी धरायचं तर पात्यांमधून हवा सेकंदाला १३ मीटरच्या आसपास खाली ढकलावी लागते, आणि खाली जाता जाता तो झोत आवळत जातो तसा वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या घरात (हेलिपॅडजवळ मंडप टाकू देत नाहीत ते याच्यामुळेच). नागपूरच्या मे महिन्यात तर ४५ डिग्रीला हवा इतकी पातळ होते की तेच वजन धरायला ती अजून जोरात ढकलावी लागते.

तरी नेहमीच्या हेलिकॉप्टरमध्ये एकूण उचलीतले ३ ते ५ टक्केच बॉडीवर वाया जातात, कारण बॉडी अरुंद, गोलसर, आणि पात्यांचा खरा जोर टोकाकडे असतो, मधे नाही. साडेपाच टनात दोनेकशे किलो, दोन-तीन माणसं कमी बसली समजा. अमेरिकेच्या व्ही-२२ ऑस्प्रेला विमानासारखे पंख आणि त्यांच्या टोकांना रोटर, ते मात्र थेट पंखांवर वारा मारतात, तिथे हा तोटा १० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून ते उभं वर चढताना पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली सोडतं, वाऱ्याला अडणारी रुंदी कमी व्हावी म्हणून.

माझं विचाराल तर हे वजनाचं प्रकरण किरकोळ आहे, खरी डोकेदुखी तुम्ही म्हणता तो शेपटीवरचा पंख. त्याचं काम वेगात जाताना नाक स्थिर ठेवायचं. हेलिकॉप्टर एका जागी असतं तेव्हा वारा सरळ खाली जातो, पण पुढे निघालं की हा झोत मागे कलतो आणि नेमका त्या पंखावर येऊन बसतो, शेपूट दाबली जाते, नाक वर उचलतं आणि पायलटला काठी पुढे दाबावी लागते, आणि वेग अजून वाढला की झोत पंखाच्या वरून निघून जातो, की परत सगळा हिशोब बदलला. अमेरिकेच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरमध्ये म्हणून अख्खा पंखच फिरता ठेवलाय, कमी वेगात त्याची मागची कड ४० अंशांच्या आसपास खाली झुकते म्हणजे वारा त्याला आडवा न लागता बाजूने सरकतो. अपाची या लढाऊ हेलिकॉप्टरचा १९७५ मध्ये उडालेला प्रोटोटाइप (पहिला नमुना) पाहिला तर पंख उभ्या शेपटीच्या टोकावर, टी आकारात. तो नंतर काढून खाली फिरता पंख लावला.

वर पात्यांचे ठोके वेगळेच, चार पाती म्हणजे एका फेरीत बॉडीवर चार धक्के. आणि पाती जिथे जोडलेली असतात त्या हबमागची घोळलेली हवा उभ्या शेपटीवर आपटली की अख्खी शेपूट थरथरते, इंजिनियर लोक याला टेल शेक म्हणतात. काही हेलिकॉप्टरांच्या हबवर थाळीसारखं झाकण दिसतं ना, ते ही हवा शेपटीपासून दूर वळवायला असतं.