खेड्यात राहून ए.ए.ची मीटिंग कशी शोधायची?

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. दारू सोडायचं ठरवलंय, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा समूह) मीटिंगला जावं म्हणतो. गावात मीटिंग नाही. तालुक्याला गेलो तर ओळखीचं कोणीतरी भेटेलच. शिवाय देवाधर्माचं मला जमत नाही. माझ्यासारख्याला चालेल अशी मीटिंग कशी शोधायची?

भाऊ, मीटिंगच्या आधी एक विचारतो. अजून रोज घेताय का? सकाळी हात थरथरतात, पोटात गेल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही, अशी गत असेल तर मनानं एकदम बंद करू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. फार घाबरल्यासारखं होत असेल तर 14416 लावा, तो मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे.

आता मीटिंगचं. मी याच भागातला, शेतीवाला, ए.ए.त बरीच वर्षं आहे. माझं मत सरळ आहे: चांगली मीटिंग शोधू नका, जिथून शेवटच्या एसटीनं घरी येता येईल ती शोधा. नागपुरात समूह पुष्कळ आहेत, बोलणारेही तयारीचे असतात. पण आपल्याला नागपूर महिन्यातून एकदा जमणार, आणि दारूची आठवण काही महिन्यातून एकदा येत नाही. तालुक्याच्या शाळेच्या खोलीत पाच माणसं बसत असतील तर तीच तुमची मीटिंग. आठवडी बाजाराच्या दिवशी असेल तर आणखी बरं, घरी-दारी वेगळं कारण सांगावं लागत नाही. फक्त बाजारातून भट्टीवर नेणारे दोस्त त्या दिवशी टाळा.

यादी ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर मिळते. पण यादीवर विसंबून निघू नका, आधी फोन करा. खोली बदलते, वार बदलतो, सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत तर वेळही मागंपुढं होते. फोनवर तीन गोष्टी विचारा. मीटिंग सुटते किती वाजता (सुरू किती वाजता होते हे सगळेच सांगतात). बोलणं मराठीत होतं की हिंदीत. आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज. ओपनला घरच्यांना नेता येतं, क्लोजला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच बसतो. बायकोला किंवा आईला वेगळं बसायचं असेल तर त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, पण आपल्याकडं ते समूह कमीच. गडचिरोलीकडं कोणी हे वाचत असेल तर तिकडं मुक्तिपथ या दारू-तंबाखू सोडवण्याच्या उपक्रमाचं काम तालुक्या-तालुक्यात आहे, तिथं विचारा.

ओळखीचं भेटेल म्हणता, तर भेटेल बाप्पा. पण तोही त्याच कामाला आलेला असेल ना! आणि खरं सांगू का, तुम्ही पिता हे गावाला केव्हाचंच माहीत आहे. माहीत नाही ते फक्त सोडताय एवढंच. तरी मन मानत नसेल तर सुरुवातीला शेजारच्या तालुक्याची मीटिंग धरा. तिथं नाव विचारतात ते पहिलं, आडनाव कोणी मागत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ऐपतीप्रमाणं टाकतात, नव्या माणसानं नाही टाकलं तरी चालतं. कोणी पैसे मागितले, औषध विकलं किंवा मतं मागितली तर ती जागा आपली नाही, उठून या.

देवाचं म्हणाल तर प्रार्थना होते, दारू सोडण्याच्या ए.ए.च्या बारा पायऱ्या आहेत त्यांतही ईश्वर आहे, पण 'आपल्याला समजलेला' असं म्हटलंय. आमच्याकडं एक जण प्रार्थनेच्या वेळी नुसता हात बांधून उभा राहतो, त्याला कोणी टोकत नाही. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. बोलायची सक्ती नाही. पहिल्या वेळी 'मी आज ऐकतो' म्हणा, पुढच्याची पाळी येते.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या दिवशी एकच माणूस अर्धा तास स्वतःचंच दळण दळतो, वीज गेलेली असते, डास फोडून काढतात. त्याच खोलीत पुढच्या आठवड्यात कोणी चुकाऱ्याचे पैसे खिशात घेऊन देशीच्या दुकानावरून कसं पुढं गेलं ते सांगतो, आणि ते तुमच्याच घरातलं वाटतं. चार-पाच वेळा जा, मग ठरवा. पोळ्याच्या आधीची मीटिंग मात्र चुकवू नका. करीच्या दिवशी आपल्याकडं काय होतं ते मी सांगायला नको. त्या दिवसासाठी दोन-तीन जणांचे फोन नंबर आधीच घेऊन ठेवा.

तालुक्यात काहीच नसेल तर ऑनलाइन मराठी मीटिंग मोबाइलवर ऐका, शेतात रेंज असली म्हणजे झालं. आणि सोडायला तयार असा दुसरा माणूस सापडला की दोघं मिळून समूह सुरू करता येतो. 1935 मध्ये अमेरिकेत ए.ए. सुरू झालं तेही दोघांच्या बोलण्यातूनच. खोलीसाठी मुख्याध्यापकांना विचारा, जवळच्या समूहाचे लोक पहिल्या बैठकीला येऊन बसतात, त्यांना तेवढं कळवा.