दहावीतच कॅल्क्युलस घ्यावे का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी पब्लिक स्कूलमध्ये आठवीत असून यंदा जॉमेट्री पूर्ण करील. वर्गात तिला कंटाळा येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अल्जिब्रा-२ उरकून नववीत प्रीकॅल्क्युलस, दहावीत एपी (हायस्कुलात शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) कॅल्क्युलस बीसी आणि सोबत केमिस्ट्री व फिजिक्स-सी धरून आणखी तीन एपी, असा बेत आहे. त्यासाठी ऑर्केस्ट्रा सोडावा लागेल. हे योग्य ठरेल का? – एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली मुलगी आताच नेहमीच्या क्रमाच्या दोन वर्षे पुढे आहे, कारण तिथे अल्जिब्रा-१ साधारणपणे नववीत येते. काहीही न वगळता ती नववीत अल्जिब्रा-२, दहावीत प्रीकॅल्क्युलस आणि अकरावीत कॅल्क्युलस बीसी घेईल. बारावीसाठी एपी स्टॅटिस्टिक्स किंवा कम्युनिटी कॉलेजातील मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस उरेल. आपल्या बेताप्रमाणे मात्र शाळेतले कॅल्क्युलस दहावीतच संपते आणि पुढची दोन वर्षे गणितासाठी बहुतांशी कॉलेजावर अवलंबून राहावे लागते. तो मार्ग वाईट नाही. पण तिथला प्रत्येक ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायमचा राहतो, हे पंधराव्या वर्षी पेलण्याची तयारी हवी.

वेग वाढवण्यास माझा तात्त्विक विरोध नाही. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांची पद्धत अशी होती की, आधी मुलाची चाचणी घ्यायची आणि मग त्याला जे येत नाही तेवढेच शिकवायचे. आपल्या बेतात नेमकी ही चाचणीच राहून गेली आहे. सुट्टी लागण्यापूर्वी शाळेकडून अल्जिब्रा-२ ची वार्षिक परीक्षा मागून घ्या आणि ती मुलीला वेळ लावून सोडवू द्या. बहुतेक भाग तिला येत असेल, तर उन्हाळ्याचा कोर्स बिनधास्त घ्यावा. येत नसेल, तर वर्षभराचा विषय काही आठवड्यांत संपवण्याची किंमत पुढे मोजावी लागते. कॅल्क्युलसचे डेरिव्हेटिव्ह अचूक काढणारी मुले पुढच्याच ओळीत बेरजेचा लॉग म्हणजे दोन लॉगांची बेरीज असे लिहून मोकळी होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती चूक कॅल्क्युलसची नसून घाईत शिकलेल्या अल्जिब्राची असते.

आता दहावीतल्या चार एपींविषयी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जीपीए (ग्रेडांची सरासरी) काढताना नववीचे ग्रेड धरत नाही, आणि ऑनर्स (वरच्या पातळीचे वर्ग) आणि एपीचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टर्सपुरतेच देते. त्यांतील दहावीचे सेमिस्टर्स चारांहून अधिक चालत नाहीत. म्हणजे दहावीत वर्षभराच्या दोन एपींपलीकडे जीपीएसाठी जादा काही पदरात पडत नाही. अवघड विषयांना प्रवेशाच्या वेळी वजन असते, हे खरे. परंतु चार विषयांचा गृहपाठ, त्यात केमिस्ट्रीचे लॅब रिपोर्ट, आणि मे महिन्यात लागोपाठ येणाऱ्या परीक्षा, हे ओझे त्या वजनाच्या मानाने फार आहे. मी दहावीत एक, फार तर दोन एपी सुचवीन. फिजिक्स-सी मात्र अकरावीत कॅल्क्युलससोबतच ठेवावे, कारण तो विषय कॅल्क्युलसवरच उभा आहे.

ऑर्केस्ट्राला केवळ हौस समजू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या ए-जी अटींत, म्हणजे प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या यादीत, पंधरा वार्षिक विषय मोजले जातात आणि त्यांत एक वर्ष कलाविषयाचे असावे लागते. आपल्या शाळेचा ऑर्केस्ट्रा मान्य यादीत असल्यास ती अट नववीतच पूर्ण होते. परकीय भाषेची दोन वर्षे सक्तीची असून तिसरे वर्ष घेतलेले बरे, तेव्हा तीही नववीपासूनच सुरू करावी.

कंटाळ्याबद्दल आपण लिहिले आहे, पण तो कुठल्या तासाला येतो हे लिहिलेले नाही. गणिताच्या तासाला येत असेल तर वरची चाचणी उपयोगी पडेल. इंग्रजी किंवा इतिहासाच्या तासाला येत असेल, तर गणितात धावून तो जाणार नाही, त्या विषयांतील ऑनर्स वर्गाची चौकशी करावी लागेल.

नववीच्या विषयांच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी ऑर्केस्ट्रा सोडण्याविषयी मुलीला अवश्य विचारा. आपल्या पत्रात तिचे मत कुठेच आलेले नाही.